अर्थशास्त्रासाठी दीड एकर विकू का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. यावल तालुक्यात आमचं सहा एकर वावर आहे, त्यात पाच एकर केळी. मोठी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. 84 टक्के पडले, गणितात 93. सगळे म्हणतात इंजिनिअरिंगला टाका, पण ती अर्थशास्त्रावर अडून बसली आहे. आमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, पुण्यातली खासगी युनिव्हर्सिटी, बीएस्सी ऑनर्स इकॉनॉमिक्स. फी वर्षाला 4 लाख 25 हजार, होस्टेल-मेस 1 लाख 60 हजार. दोन, पुण्यातलंच जुनं अनुदानित कॉलेज, बीए इकॉनॉमिक्स. फी 14 हजार, पण होस्टेलची खात्री नाही. बाहेर कॉट बेसिसवर राहायचं तर जेवणासकट महिना साडेनऊ हजार. तीन, घरून जळगावला येऊन-जाऊन बीए, वर्षाला 22 हजारांत भागेल. खासगी युनिव्हर्सिटीवाले म्हणतात, इकॉनॉमिक्स करायचं तर प्रोग्रॅम तगडा पाहिजे. 12 लाख कर्ज काढून बाकीचे केळीतून भरावेत, की दीड एकर विकून मोकळं व्हावं? धाकटा दहावीला आहे. मुलीच्या एका वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. हे काय लिहीत असते ते आम्हाला नीट कळत नाही.
– एक केळी उत्पादक बाप

उत्तर : भाऊ, पत्र दोनदा वाचलं आणि त्या पानाचा फोटो चारदा पाहिला. पैशाचं बोलायचंच आहे, पण सुरुवात त्या पानापासून करते.

शाळेची साधी दुरेघी वही. पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, बोर्डाचा म्हणजे जाहीर झालेला भाव, आपल्याला मिळालेला भाव, किती क्विंटल, फरक. एका ओळीत बोर्ड 1,650, हातात 1,280, माल 62 क्विंटल. शेवटच्या रकान्यात 22,940. त्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, ‘हे कुठे गेले?’

मी 31 वर्षं तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या हजारो मुलांकडून काढून घेतल्या. आपल्याच घरच्या गाडीचा हिशेब मांडून हा प्रश्न विचारणारी मुलं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तुमची पोरगी हट्टाने अडून बसलेली नाही, तिचं काम आधीच सुरू झालंय. तेव्हा इंजिनिअरिंगचा विषय घरात पुन्हा काढू नका.

आता पैसे. पहिल्या वाटेचा खर्च तुम्ही तीन वर्षांचा धरला असणार, कारण आपल्याकडे डिग्री म्हणजे तीन वर्षं हे डोक्यात पक्कं बसलंय. पण माहितीपत्रकातला ‘ऑनर्स’ शब्द परत बघा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी साधी पदवी मिळते, ऑनर्स चौथ्या वर्षानंतर. तीन वर्षांचे 17 लाख 55 हजार होतात, चार वर्षांचे 23 लाख 40 हजार. फी दरवर्षी वाढणार नाही असं लेखी मिळत असेल तरच हा आकडा इथे थांबेल.

कर्जाचंही मांडून पाहिलं, तीन वर्षांचीच पदवी धरून. दरवर्षी 4 लाख असे तीन हप्त्यांत 12 लाख उचलले, व्याज 10 टक्के धरलं, आणि शिक्षण संपून वर्षभरापर्यंत काही भरलं नाही, तर परतफेड सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर 15 लाख 60 हजार असतील. हे सरळव्याजाने. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 20,600 रुपये हप्ता. एकूण पावणेपंचवीस लाखांच्या आसपास. हा हप्ता सुरू होईल तेव्हा पोरगी जेमतेम बावीस वर्षांची असेल. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे सातबारा तिथेही आलाच. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळते. पण ती ठरावीक संस्थांच्या यादीपुरती आहे. तुमची युनिव्हर्सिटी त्या यादीत आहे का, हे एजंटाला न विचारता योजनेच्या पोर्टलवर मुलीलाच बघायला सांगा.

‘मुलींना आता सगळं शिक्षण मोफत झालंय’ हेही तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. मला आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. राज्य सरकारचा जुलै 2024 चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आणि ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी. खासगी युनिव्हर्सिट्या त्यातून वगळल्या आहेत. अर्थशास्त्राच्या बीए-बीएस्सीचा हिशेब त्या भरवशावर करू नका.

भाऊ, तुमच्या पत्रातलं ‘बाकीचे केळीतून भरावेत’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. फी ठरलेली असते आणि भाव ठरलेला नसतो. सेमिस्टरचे पैसे जून-जुलैत मागतात. त्याच दिवसांत तुमच्याकडे मृगबागेची, म्हणजे आदल्या वर्षी मृगात लावलेल्या केळीची, कापणी चाललेली असते, नवी लागवड असते, टिश्यूची रोपं, मजुरी, खत सगळं एकदम अंगावर येतं. आणि मे-जूनचं वादळ रावेर-यावलला नवं नाही. उभी बाग एका संध्याकाळी आडवी झालेली मी माझ्या भावाच्या वावरात पाहिलीय. घड लागलेली झाडं कमरेतून मोडून पडलेली. भाऊ बांधावर बसून होता, कोणाशी बोलला नाही. त्याच्या दोन्ही मुलांची त्या वर्षीची फी आम्ही बहिणींनी भरली, आणि ती हजारांत होती म्हणून भरता आली. तुमच्या बागेवर असं वर्ष आलं तर साडेपाच-सहा लाख कोण भरणार? फीसाठी कोर्स अर्धवट सुटला तर डिग्रीही नाही आणि पैसेही नाहीत.

माझी एक विद्यार्थिनी होती. गावापेक्षा जास्त सांगत नाही, शिरपूरकडची. पोरगी हुशार, आईबाप जिवाचं रान करणारे. त्यांनी अशाच एका महागड्या कोर्सला कर्ज काढून घातलं. शिकवलं वाईट नाही, हे ती स्वतः सांगते. पण शेवटच्या वर्षी तिला पुढे एमए करायचं होतं आणि घरी बँकेची पत्रं यायला लागली होती. मिळाली ती पहिली नोकरी तिने धरली, क्रेडिट कार्डांच्या थकबाकीचे फोन करण्याची. सहा वर्षं झाली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, कर्ज फिटलं, पण आता पुस्तक हातात धरवत नाही.’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे सांगायचं कारण असं की अर्थशास्त्राचं गणित इंजिनिअरिंगपेक्षा वेगळं आहे. इंजिनिअर चार वर्षांनी इंजिनिअर होतो. अर्थशास्त्रात नुसत्या पदवीवर कोणी अर्थतज्ज्ञ होत नाही. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा द्यायलाच अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातल्या अधिकारीपदांचंही तेच. खरी वळणाची जागा एमएची आहे. आणि देशातली चांगली चांगली एमए ही महागडी नाहीतच! दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हे केंद्रीय विद्यापीठाचं, 1949 पासूनचं. प्रवेश परीक्षेवर मिळतो आणि फी आपल्या आवाक्यातली आहे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सला तर ट्यूशन फीच नाही, उलट विद्यार्थ्याला दरमहा स्टायपेंड मिळतो. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग शंभरी ओलांडलेला आहे. 2021 पासून आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतही अर्थशास्त्राचा पेपर आहे. या दारांवर बापाची ऐपत विचारत नाहीत, मुलीला गणित येतं का ते विचारतात.

म्हणून ‘तगडा प्रोग्रॅम’ म्हणजे काय ते नीट बघू. एसी वर्ग, परदेशी विद्यापीठाशी करार, गेटावरचा कारंजा यात ते नाही. तिन्ही ठिकाणांहून सहाही सेमिस्टरचा सिलॅबस मागवा. त्यात कॅल्क्युलस आहे का, संख्याशास्त्र किती सेमिस्टर आहे, इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे संख्याशास्त्र वापरून आर्थिक आकडे तपासणं, आहे का आणि ते कॉम्प्युटरवर करून घेतात का, हे बघा. इकॉनॉमिक्स मेजर (मुख्य विषय) घेतलं तर गणित किंवा स्टॅटिस्टिक्स मायनर (जोडविषय) म्हणून मिळेल का, हे प्राचार्यांना तोंडी विचारू नका, ऑफिसात जाऊन टाइमटेबल बघा. कागदावर मायनर असतं आणि दोन्ही तास एकाच वेळी लागलेले असतात, असं मी स्वतः पाहिलंय. आणि कायमस्वरूपी शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती, हेही विचारा.

खासगीवाले प्लेसमेंटचं सांगतील. सर्वांत मोठं पॅकेज किती ते ऐकूच नका. फक्त अर्थशास्त्राची किती मुलं बाहेर पडली, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, आणि पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळतात, एवढं लेखी द्या म्हणावं.

गणितावर मी एवढी अडून का बसते तेही सांगते. मी दहावीनंतर गणित सोडलं. आमच्या कॉलेजात बीएला त्याची गरज आहे हे कोणी सांगितलं नाही. विद्यापीठात दुसरी आले, घरी पेढे वाटले. पुण्याला एमएला गेले आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक डेरिव्हेटिव्ह काढलं. शेजारच्या मुली भराभर उतरवून घेत होत्या. ते चिन्ह वाचतात कसं हेच मला माहीत नव्हतं. हात वर करायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं. होस्टेलवर ते उशीखाली ठेवायचे. रूममेट झोपल्या की पॅसेजमधल्या दिव्याखाली बसून उदाहरणं सोडवायचे. पहिलं वर्ष त्यातच गेलं. एमए झाले, पण ज्या संशोधनाची हौस होती तिथे पोचले नाही. ती बीए घराजवळची होती, स्वस्त होती, आणि तिची किंमत मी नंतर मोजली. म्हणून तिसरी वाट नुसती 22 हजारांची आहे म्हणून धरा असं मी म्हणणार नाही.

तुमच्या मुलीकडे 93 मार्कांचं गणित आहे. ते गंजू द्यायचं नाही, एवढं धरून चाललात की उत्तर सोपं होतं.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. जुनी अनुदानित कॉलेजं ही पुण्याची खरी श्रीमंती आहे. फी 14 हजार, कॉट बेसिस आणि मेस दहा महिन्यांचे 95 हजार, पुस्तकं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने येणं-जाणं मिळून 15 हजार. वर्षाला सव्वा लाखाच्या आत, तीन वर्षांचे पावणेचार. मात्र गणित किंवा स्टॅटिस्टिक्सचं मायनर खरोखर मिळत असेल तरच. होस्टेलची यादी मेरिटवर लागते, दुसऱ्या-तिसऱ्या यादीत नंबर लागतो, लगेच नाद सोडू नका. समाजकल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत, आणि तिथे जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. तुमच्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते जळगावला या विभागांच्या कार्यालयात विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर आत्ताच काढून ठेवा. ऑगस्टमध्ये तहसीलला रांग लागते.

पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थाही आहे, 1930 ची. तिथे आता पदवीचा अभ्यासक्रमही चालतो. फी अनुदानित कॉलेजापेक्षा बरीच जास्त, पण तिची चौकशी करून तुलना करण्यासारखी आहे. धनंजयराव गाडगीळ या संस्थेचे पहिले संचालक. हाच माणूस विठ्ठलराव विख्यांबरोबर उभा राहून प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. मी वर्गात दरवर्षी हे सांगायचे, कारण आमच्या मुलांना वाटायचं अर्थशास्त्र म्हणजे दिल्लीतल्या लोकांचं काम. ते उसाच्या फडातही चालतं आणि केळीच्या बागेतही.

पुण्याचं मायनर जमलं नाही, किंवा पोरीला इतक्यात लांब पाठवायचं तुमच्या घरच्यांच्या मनात नसेल, तर एक चौथी वाट आहे जी तुमच्या पत्रात नाही. जळगावलाच बीएस्सी, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स मेजर, आणि इकॉनॉमिक्स मायनर मिळालं तर उत्तम. गणित-स्टॅटिस्टिक्स केलेली मुलं अर्थशास्त्राच्या एमएला जातात आणि बहुतेकदा पुढे निघतात, कारण मला जे उशीखालच्या पुस्तकातून शिकावं लागलं ते त्यांना आधीच येत असतं. अर्थशास्त्र मागाहून वाचता येतं, गणित मागाहून फार जड जातं. माझा एक विद्यार्थी असाच घरून एसटीने येऊन-जाऊन बीएस्सी झाला. प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्षी पडला, दुसऱ्या वर्षी दिल्लीला लागला. आज एका संशोधन संस्थेत आहे आणि शेतमालाच्या भावांवरच काम करतो.

खासगी युनिव्हर्सिटी अजिबातच नको का? फीमध्ये निम्म्याहून जास्त स्कॉलरशिप देत असतील, ती सगळी वर्षं टिकेल आणि किती सीजीपीएला टिकेल हे लेखी देत असतील, तर मला पुन्हा लिहा. काही ठिकाणचे शिक्षक खरंच चांगले आहेत, सोबत शिकणारी मुलंही तयारीची असतात, हे मी नाकारत नाही. पण पूर्ण फी भरून, तेही पदवीला, नाही. आणि दीड एकराचा विचार आजच सोडा. धाकट्याचंही शिक्षण त्याच मातीतून व्हायचंय, आणि पुण्यात तीन वर्षं शिकवायला वावर विकायची गरज पडत नाही हे वर मांडूनच दाखवलंय. त्यापेक्षा ज्या वर्षी भाव बरा मिळेल त्या वर्षी लाखभर रुपये मुलीच्या नावाने बँकेत एफडीला टाका. दिल्ली-कोलकात्याला जायची वेळ येईल तेव्हा हात मोकळा राहील.

आता दोन शब्द मुलीशी.

बेटा, प्रवेश कुठेही होवो, इंग्रजीतून वाचायला आजपासून लाग. प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात आणि आपल्या मुलांची अर्धी लढाई तिथेच हरते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. या सुट्टीत ती संपव. सायन्सची असल्यामुळे तुला ती सोपी जातील. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं रद्दीत देऊ नकोस.

तुझ्या वहीबद्दल मला एक विचारायचंय. तू माल 62 क्विंटल लिहिलास, पण हे वजन काट्यावरचं की व्यापाऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे बिलावर, लिहिलेलं? व्यापारी घडाच्या दांड्याची म्हणून कटती, म्हणजे वजावट, कापतो, ती भावात धरलीस की वजनात? वजनात धरली असेल तर 22,940 हा फरक कमी निघालाय, खरा जास्त आहे. एक सहावा रकाना आख, ‘कटती’. आणि शेजारच्या दोन बागांचेही त्याच दिवसाचे भाव मिळाले तर लिही. कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) कापून झाली की ती सगळी पानं मला पाठव, मी वाट बघते.